आगोटीचं तेल

आमच्या दुकानात वस्तू बिघडलेली येते आणि दुरुस्त होऊन जाते, पण ती बिघडवली कोणी हे कधीच कळत नाही. म्हणजे आमच्या ह्यांना कळतं. मिक्सर उघडला की त्यांना दिसतं, सुनेने ओलं भांडं तसंच बसवलंय. टीव्ही उघडला की दिसतं, नातवाने मागच्या जाळीतून रुपयाचं नाणं आत सोडलंय. पण सांगतील तर शपथ. गिऱ्हाईक विचारतं, "रत्नपालभाऊ, कशाने गेला हो?" हे म्हणतात, "वस्तू हाय, जाते." संपला विषय. मी पुढच्या काउंटरवर बसून दातओठ खाते, कारण तीच सून तोच मिक्सर घेऊन पुढच्या महिन्यात परत येणार हे मला माहीत असतं.

माणगावच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचा गाळा. पुढचा अर्धा माझा, तिथे मोबाईलची कव्हरं, चार्जर, रिचार्ज. मागचा अर्धा ह्यांचा, तिथे सोल्डरच्या वासात हा माणूस कपाळावर भिंग लावून दिवसभर बसलेला. बोलणं मोजकं, चहा मात्र वारेमाप. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं की नवरा मुका मिळाला. मग कळलं, बोलतात, पण वायरींशी.

ह्या मौनामागे एक गोष्ट आहे, ती सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे विशीच्या आत असताना आमच्या वाडीतल्या विहाराचा अँप्लिफायर जयंतीच्या तोंडावर जळला. माझे सासरे कृष्णाजी मास्तर, त्यांनी मोठ्या कौतुकाने पोराला पुढे केलं. ह्यांनी उघडून बघितलं आणि छाती काढून चार लोकांत सांगून टाकलं की मंडपवाल्याच्या कान्हाने वायर उलटी जोडली. खरंच होतं ते. लोकांनी कान्हाला नको नको ते ऐकवलं, मालकाने तिथल्या तिथे कामावरून काढलं. जयंती झोकात झाली, आवाज खणखणीत. कान्हा मात्र गाव सोडून गेला तो गेलाच. त्याची आई सोनाबाई पुढे कितीतरी वर्षं ह्यांना रस्त्यात गाठून विचारायची, "माज्या पोराचं काय कळलं का रं?" रागाने नाही, साधंच विचारायची. ती वारली तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासूनचं हे कुलूप.

तर दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी गुलबानूचाची दुकानात आल्या. म्हसळ्याच्या पुढे खाडीकाठच्या गावातल्या ह्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या हातचे कपडे अंगावर असलेली माणसं पार पेणपर्यंत सापडतील. गोधडीत गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं पोटाशी धरून आल्या होत्या. कंडक्टरने म्हटलं मागे ठेवा, तर त्याच्याशी भांडून सगळा रस्ता मांडीवर घेऊन बसल्या. मांड्या भरून आल्या होत्या, त्यांना धड उभं राहता येईना.

"हळू ठेवा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "माज्या मुसअबच्या अब्बांची हाय."

गोधडी सोडली तर आतून निघाला जुना, उचलून न्यायचा कॉम्प्युटर. शिवणयंत्राच्या पेटीएवढा, वर मूठ, प्लास्टिक पिवळं पडलेलं. झाकण वर केलं की झाकणातच पडदा आणि खाली जाडजूड बटणं. ह्यांनी भिंग खाली ओढलं आणि असे बघत राहिले की मी चहा आणून ठेवला तरी कळलं नाही.

चाचींचे मालक नजमुद्दीन कुवेतला एका व्यापाऱ्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. नव्वद साली तिथे लढाई आली, मालक पळाला, जाताना म्हणाला, कचेरीतलं हवं ते ने. लोकांनी कपड्यांच्या आत सोनं शिवून आणलं, नजमुद्दीनभाईंनी ही पेटी आणली. वाळवंटातून बस, मग तंबू, मग विमान, आणि सगळीकडे ही मांडीवर. गावात हसू झालं. चाचीही तेव्हा खूप बोलल्या म्हणे. पण मग ते गावातल्या पोरांचे नोकरीचे अर्ज ह्यावर टाइप करून द्यायला लागले, आणि हसणारेच दारात रांग लावायला लागले.

"रातची इशाची नमाज झाली की ते हिच्यावर बसायचे, मी माज्या मशीनवर," चाची म्हणाल्या. "हिचा घूं घूं आवाज, माजीचा खडखड. दोघं काय बोलायचो नाय. बोलायला लागतच नव्हतं."

मग नजमुद्दीनभाई आजारी पडले. त्यांना मुंबईच्या इस्पितळात नेलं, चाची बरोबर गेल्या. मुसअब शाळकरी पोर, त्याला मावशीकडे ठेवलं. बापाने त्याला ह्या मशीनवर सापाचा खेळ शिकवला होता. एका दुपारी त्याने घरी जाऊन मशीन लावली, आतून धूर आला आणि मशीन बंद पडली ती कायमची. त्याच आठवड्यात बापाची मय्यत घरी आली.

चाचींनी हे सांगताना पदर सारखा केला, डोळे कोरडे. "मी त्याला बोलले, मशीन तू जाळलीस, तिथेच तुज्या बापाचा जीव गेला. बोलले मी. आणि मिस्त्री, मला अजून तसंच वाटतं. खोटं कशाला बोलू?"

तो मुसअब आता दोहात एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. बायको-मुलगी तिकडेच. अलिना नावाची नात चाचींनी फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेली. "पोरगा पैसे पाठवतो," चाची म्हणाल्या, "स्वताला पाठवत नाय."

जाताना त्यांनी पेटीवरून हात फिरवला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "बिघडली तरी मी हिला गंज चढू दिला नाय. घरात आल्यापासून दर आगोटीला तेल दिलं."

खाडीकाठी आगोट म्हणजे पावसाआधीची लगबग. सुकी मासळी, लाकडं, मीठ-मसाला भरून ठेवायचा आणि घरातल्या प्रत्येक लोखंडाला तेल द्यायचं. विळी, कोयता, कड्या, बिजागऱ्या, सायकलची साखळी, काही सुटायचं नाही, कारण खारी हवा चार महिन्यांत सगळं खाऊन टाकते. चाचींनी शिवणयंत्राच्या भोकांत जसे थेंब सोडतात तसे ह्याच्या जाळीत सोडले. "शिवणयंत्राला बाजारातलं तेल," त्या म्हणाल्या, "हिला मात्र घरच्या नारळाचं. घाण्यावरचं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टेबलाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुसअबचा फोन आला. चाचींना पाठवणारा तोच होता. आवाज मोठ्या माणसाचा, पण बोलणं परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखं. "काका, जगात कुठेही पार्ट मिळत असेल तो सांगा, मी पाठवतो. किती लागेल ते लागू द्या. मशीन चालू झाली की मी येतो घरी. त्याआधी कुठल्या तोंडाने येऊ?"

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या डब्यावर माणसाचं घरी येणं अडतं का? मीही तेच म्हटलं. हे म्हणाले, "अडतं."

मग मशीन उघडली. स्क्रू ढिले केले आणि झाकण उचललं तसा गाळाभर खवट खोबरेल तेलाचा वास पसरला, जुन्या खोबऱ्याच्या पोत्यात तोंड घातल्यासारखा. आत सगळीकडे तेलाचा मेणचट थर, त्यावर धूळ आणि खारं काहीतरी बसून त्याची काळी खळ झालेली. बटणं खाली दाबली की वरच येईनात. आत एक बारकासा पंखा होता, हवा खेळवायला. तो जागच्या जागी चिकटलेला. ह्यांनी बोटाने फिरवून बघितला, हलला नाही. त्याच्यामागचा पॉवर सप्लाय करपून कोळसा झाला होता.

"पंखा अडकला, हवा बंद झाली, म्हणून जळलं," मी म्हटलं. एवढी वर्षं ह्यांच्याबरोबर काढली, एवढं मलाही कळतं. "पोराने नाही जाळलं. तेलाने जाळलं."

हे जाळीच्या खालून चिमट्याने एक एक करत कापडाच्या घड्या बाहेर काढायला लागले. लुंगीचं कापड, निळी चौकड, चौकोनी कापून नीट घड्या घालून जाळीखाली बरोबर बसवलेलं. सगळ्या घड्या तेलाने निथळत होत्या. आणि त्या पेटीच्या स्क्रूंची डोकी झिजलेली होती, परत परत उघडल्यावर झिजतात तशी.

मग मला कळलं. नजमुद्दीनभाईंना माहीत होतं. बायको दर आगोटीला मशीनमध्ये तेल ओतते हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं असणार. बोलले नाहीत. लुंगी फाडली, घड्या केल्या, तेल येईल तिथे ठेवल्या, आणि दर वर्षी गुपचूप उघडून बदलत राहिले. ती तेल घालत राहिली, ते पुसत राहिले, आणि दोघं आपापल्या मशीनवर शेजारी शेजारी बसत राहिले.

हे उठले आणि चाचींना फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "चाची, मालक इस्पितळात व्हते त्या साली पन तेल दिलं व्हतं?"

"त्या साली तर दोनदा, एकदा मुंबईला निघताना, एकदा मधे कपडे न्यायला घरी आले तेव्हा," चाचींचा आवाज मला ऐकू आला. "म्हटलं हे बरे होऊन येतील, तर मशीन झकास मिळू दे."

"बरं," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या वर्षी घड्या बदलायला कोणी नव्हतं. भरलेल्या घड्यांवर दुप्पट तेल पडलं, ते ओघळून पंख्यात गेलं, आणि मुसअबने कळ दाबली. कोणीही दाबली असती तरी तेच झालं असतं. बाप स्वतः घरी आला असता आणि न उघडता लावली असती, तरी तेच.

मी म्हटलं, "सांगा त्यांना. आत्ताच्या आत्ता सांगा. त्या पोराचं आयुष्य गेलं ह्यात."

"न्हाय."

"अहो, बारक्या पोरावर बापाच्या मरणाचा आळ घातलाय तिने."

"आन तिला काय सांगू? तुझ्या प्रेमाने जळलं म्हनून? ह्या वयात? ती त्याच तेलात नवऱ्याचं मरण बघंल मग."

"मग पोराने बघायचं का?" माझा आवाज चढला, गल्लीतली पोरं डोकावून गेली. "एकदा तरी नाव घ्या हो कोणाचं. एकदा तरी."

हे भिंग पुसत होते. म्हणाले, "घेतलं व्हतं एकदा."

पण माझा राग गेला नाही, तुम्हाला सांगते. तीन-चार दिवस मी ह्यांना नुसता भात वाढला.

काम सुरू झालं. बटणं एक एक काढून स्पिरिटमध्ये बुडवायची, दात घासायच्या ब्रशने घासायची, सुकवायची. आमच्या मागच्या पडवीत कॉम्प्युटरची बटणं सुपात वाळत घातलेली, शेजारणी विचारायच्या, हे कसलं वाळवण? गंमत म्हणजे जिथे तेल पोचलं होतं तिथल्या पट्ट्या खरंच गंजल्या नव्हत्या. जिथे नव्हतं पोचलं तिथे हिरवट चुरा झाला होता, तिथे ह्यांनी केसासारखी बारीक तार ओढून एक एक वाट नव्याने जोडली. तासन्‌तास मान वर नाही. मुसअब दोहातून पार्ट पाठवायचा, कधी बरोबर यायचे, कधी चुकीचे. प्रत्येक फोनवर तेच, "काका, होईल ना?" आणि एकदा म्हणाला, "अलिना विचारते, दादीचं घर कसं आहे. मी काय सांगू, मलाच नीट आठवत नाही." त्या दिवशी मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि उठून मागे गेले. तोंडावर आलं होतं माझ्या. ह्यांनी मला आधीच बजावलं होतं, तुझ्या तोंडून एक शब्द गेला तर मी हे काम सोडीन. आणि सोडलं असतं. ओळखते मी.

आतली डिस्क काही वाचली नाही. ती फिरायलाच तयार नव्हती. पुष्कळांनी मला विचारलं, त्यात मालकांची काही चिठ्ठी-बिठ्ठी सापडली का? नाही बाबा. काही सापडलं नाही. पोरांचे अर्ज, सापाचा खेळ, जे काय होतं ते गेलं. मुसअबला ते सांगितलं, तर तो म्हणाला, फ्लॉपीवर तरी चालू करा.

मे महिन्यात ती चालू झाली. पडदा नारिंगी उजळला, निखाऱ्यासारखा, आणि कोपऱ्यात एक बारकी रेघ उघडझाप करायला लागली. ह्यांनी कधी नव्हे ते मला हाक मारली, "रश्मी, ये गं." मी गेले. राग होता तरी गेले. इतकं चांगलं काम मी ह्यांच्या हातून आजवर पाहिलेलं नव्हतं, आणि तेही एका खोट्यावर उभं राहणार म्हणून माझा जीव जळत होता.

मुसअबने त्याच आठवड्याचं तिकीट काढलं. ठरलं असं की तो विमानतळावरून थेट आमच्याकडे येईल, चाचीही एसटीने येतील, आणि मग मशीन घेऊन दोघं घरी जातील. एकट्याने घरी जायची त्याची हिंमत नव्हती.

ह्यांनी मला न बोलण्याची तंबी दिली होती. धुण्याबद्दल काही म्हणाले नव्हते. त्या लुंगीच्या घड्या ह्यांनी एका डब्यात टाकून दिल्या होत्या. तो येणार त्या दिवशी सकाळी मी त्या सोडा घालून गरम पाण्यात उकळल्या, धुतल्या आणि मागच्या नळाजवळच्या दोरीवर ओळीने वाळत घातल्या. कितीही उकळल्या तरी खोबरेलाचा वास काही गेला नाही.

मुसअब आला. दांडगा माणूस, दाढीत पांढरे केस, पण दुकानाच्या पायरीशी असा उभा राहिला की आत येऊ का विचारतोय. मी पाणी दिलं. म्हटलं, "मागे नळ आहे बाळा, तोंड धुऊन घे."

गेला आणि लवकर परत आलाच नाही. आला तेव्हा हातात एक घडी होती. "काकी, ही लुंगी कोणाची?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ती जन्मात विसरणार नाही. पण समोर विचारलेल्याला खोटं सांगायचा त्यांचा स्वभाव नाही.

"मशीनमधी व्हती. जाळीखाली."

मुसअबने घडी नाकाला लावली. मग म्हणाला, "जुने पार्ट दाखवा काका." दुरुस्तीवाल्या माणसाला बोलून सांगावं लागत नाही. त्याने डब्यातला तो जुना पंखा घेतला, बोटाने फिरवून बघितला, नख लावून खळ काढली, तिचाही वास घेतला. मग तो स्टुलावर बसला आणि हसायला लागला. मला ते हसणं बघवेना.

"मला खांदा देऊ दिला नाही," तो म्हणाला. "अब्बांच्या मय्यतीला. अम्मी म्हणाली ह्याला लांब ठेवा. मावशीने मला मागच्या खोलीत बसवून ठेवलं. मी खिडकीतून जनाजा जाताना बघितला, काकी. तेव्हापासून मी रोज तीच कळ दाबतोय." मग हसणं थांबलं. "आज सांगतो तिला. ह्या घड्या तिच्या पुढ्यात टाकून सांगतो."

"सांग," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. "तुझा हक्क आहे."

हे एवढंच म्हणाले, "तुझी मर्जी." आणि पंखा परत डब्यात ठेवला.

दुपार कलल्यावर चाची आल्या. मायलेक समोरासमोर उभे राहिले तर दोघांनाही काय करावं कळेना. चाची त्याच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "वाळलास." एरवी मी हसले असते. त्याने वाकून सलाम केला, त्यांनी हात उचलला, पण तो हात अर्ध्यावरच राहिला, डोक्यापर्यंत गेला नाही.

ह्यांनी मशीन लावली. आधी पंख्याचा घूं घूं, मग फ्लॉपीची करकर, एक बारीक शिट्टी, आणि पडदा नारिंगी झाला. चाची पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले होते. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज." आणि पहिल्यांदा रडल्या.

"आतलं काय वाचलं न्हाय, चाची," हे म्हणाले.

"मला कुठे वाचता येत होतं ते. मला आवाज पायजे होता."

मी मुसअबकडे बघत होते. तो उठून उभा राहिला होता, मूठ वळलेली, मुठीत ती घडी. आता सांगेल, आता सांगेल.

चाचींनी डोळे पुसले आणि पिशवीतून एक बारकी बाटली काढली. तोंडाला कापूस लावलेली, आत पिवळसर तेल. "आगोट आली," त्या म्हणाल्या. "घाण्यावरून ताजं आणलं. मिस्त्री, इथेच चार थेंब सोडू का? तुमच्यासमोर?"

दुकानात फक्त तो पंखा ऐकू येत होता. हे सोल्डरच्या तारेचं वेटोळं हातात घेऊन उगीच उलगडत बसले. चाचींचं तोंड असं की लेकराला न्हाऊ-माखू घालायला बसल्यात. त्यांनी कापूस काढला आणि हात जाळीकडे नेला.

"अम्मी," मुसअब म्हणाला.

त्या थांबल्या. तो त्यांच्या हाताकडे बघत होता. बोटं शिवणकामाने वाकडी झालेली, नखांत तेल. मुठीतली घडी त्याने खिशात घातली.

"आत्ता गरम आहे," तो म्हणाला. "घरी गेल्यावर देऊ. मी देतो. दर आगोटीला मीच येऊन देत जाईन."

"तू?" चाचींचा आवाज एकदम कडक झाला. "तूच तर जाळलीस."

"होय अम्मी," तो म्हणाला. "मीच जाळली. म्हणून मीच देणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता तारेचा हात वर केला, आणि मी ओठ मिटले.

चाचींनी कापूस परत लावून बाटली खाली ठेवली. मग तो अर्ध्यावर राहिलेला हात त्यांनी परत उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "जा," त्या म्हणाल्या. "माफ केलं मी तुला. अल्लाही करील."

त्या दांडग्या माणसाने मान खाली घातली आणि म्हणाला, "शुक्रिया, अम्मी."

जे केलंच नाही त्याची माफी त्याने घेतली, आणि वर आभार मानले. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. घरी गेल्यावर मी ह्यांच्याशी भांडले, पुन्हाही भांडेन. ती म्हातारी पोराला गुन्हेगार समजूनच जाणार ह्या जगातून, आणि तो तिला जाऊ देणार. ह्याला चांगलं म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळत नाही.

असरच्या नमाजची वेळ झाली म्हणून मी चाचींना आतल्या खोलीत जागा करून दिली. त्या नमाजला उभ्या राहिल्या तसं मुसअबने ती बाटली उचलून आपल्या बॅगेत टाकली. हे हळूच म्हणाले, "तू विमानात बसलास की ती दुसरी बाटली काढणारच. ऱ्हावायचं न्हाय तिला." आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या पुढ्यात ठेवला.

मुसअबने पेटी उघडली. मी मागे गेले. घड्या कडक वाळल्या होत्या. दोरीवरच्या काढल्या, पुन्हा होत्या तशा घातल्या, आणि आणून त्याच्या हातात दिल्या. त्याने खिशातली त्यांच्यात मिळवली आणि एक एक करून जाळीखाली बसवल्या, बापाने बसवल्या होत्या तिथेच. आतून चाचींचा पुटपुटण्याचा आवाज येत होता.

नमाज आटोपून त्या बाहेर आल्या तेव्हा पेटी बंद झाली होती. पडद्याची कडी लावत त्यांनी मला विचारलं, "काय करत होते गं हे दोघं?"

"काही नाही चाची," मी म्हटलं. "स्क्रू घट्ट केले."